दोर ओढायचा की कापायचा

११ ऑगस्ट, सोमवार
चित्रदुर्गाच्या पुढं. शेंगदाण्याचं रान. बोअर ४२० फुटावर अडकलाय, रॉड वर येत नाय. सेल्वम बोलला, "जॅक आने तक बैठ." सेल्वम म्हंजे आमच्या बोअरगाडीचा ड्रिलर, तमिळ. ट्रकच्या सावलीत बसलो. मागच्या हप्त्यात जुना मोबाईल घेतला त्यावर होडीवाला गेम टाकला. दादाचा आयडी अजून पाठ होता, पासवर्डपण.
उघडला तं खेळ पुरा झालेला.
मी आणि दादानं तो शेवटच्या पडद्यावर सोडला होता, तीन वर्षांमागं. भांडून. होडीचं नाव इंग्रजीत सोमाबुधा ठेवलेलं, दादाचं नि माझं जोडून. आता नुसतं सोमा. खाली लिवलंय, शेवटचा खेळ ४ दिवसांपूर्वी.
दादाला जाऊन तीन पावसाळे झाले. पुलावर मोटरसायकल मिळाली, नदीला पूर, तो मिळाला नाय. पोलिसात अजून बेपत्ता हाय.
पासवर्ड आमा दोघांशिवाय कोणाला...

१२ ऑगस्ट
सेल्वमला सांगितलं. तो चहा फुंकत बोलला, "फोन नदी में गिरा, किसीको मिला, उसने बेचा. अब उसका बच्चा खेलता होगा." मी बोललो, पासवर्ड? "फोन में सेव्ह रहता है रे पागल."
बरोबर हाय त्याचं. जेवलो नाय तरी.
होडीचं नाव बदललं. बाराच अक्षरं बसतात. लिवलं, कोण हाय. तिकडचा गेम उघडील तं दिसेल त्याला.

१४ ऑगस्ट
नाव तसंच. दर अर्ध्या तासानं बघतो. रॉड जोडताना हात सटकला, सेल्वमनं आईवरनं शिवी दिली, मंग माझा अंगठा बघून पाणी ओतलं.
६१० फुटाला पाणी. मालक नाचला चिखलात. मी मोबाईल बघितला.

१६ ऑगस्ट
होडीचं नाव: बुध्या?
बुध्या मला घरचीच बोलतात. इकडं मी बुधाजी, गाडीवर "ए महाराष्ट्रा".

१७ ऑगस्ट
तरी खात्री पायजे. होडीला नाव दिलं, लपलो कुठं.
आश्रमशाळेतनं पळालो होतो दोघं. मी दुसरीत, तो पाचवीत. शिपाई शोधत फिरला दिवसभर. ते कोणाला माहीत नाय, आईलापण खरं सांगितलं नव्हतं. करवंदीत लपलो असं सांगितलेलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पाणी टाकी.
शाळेची रिकामी टाकी. झाकण लावून दोघं आत, त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवलेला.
रॉडच्या ढिगावर बसून रडलो. सेल्वम धावत आला, "घर में कोई गया क्या?" मी बोललो, गया नहीं. जो गया था वो गया नहीं.
त्याला काय कळलं कोणास ठाऊक. पाठीवर हात ठेवून बसला.

२१ ऑगस्ट
कुठं हायस, लिवलं. उत्तर: लांब.
नंबर दे. उत्तर: नको.
असाच होता तो. बाजारातनं काय आणू विचारलं तं बोलायचा, आण कायतरी.

२४ ऑगस्ट, रविवार
आईला सांगायचं म्हणून फोन लावला, काकाच्या मोबाईलवर. शब्द जुळवून ठेवले होते. पण तिचंच पहिलं सुरू झालं.
"बुध्या, मी हो बोलले रे."
"कशाला?"
"सोमाचा पुतळा करायला. सर्वपित्रीला."
तीन वर्षं काका मागं लागलाय. माणूस मिळत नाय तं पळसाच्या पानांचा, पेंढ्याचा करायचा, नारळाचं डोकं, त्याचे कपडे घालायचे, आणि मड्यासारखं सगळं करून जाळायचा. तेव्हा तो सुटतो, घरचेपण सुटतात. आई ऐकत नव्हती. वनिता वहिनीला, दादाच्या बायकोला, शेणवे गावातनं एकाचं विचारणं आलंय, म्हणून ऐकली. गाडी चालवतो तो, बायको गेलेली. दसऱ्याच्या आत पाट लावायचा, दुसरं लग्न, नायतं त्याची माणसं दुसरीकडं बघणार.
आई बोलली, "पोर सव्वीसची हाय. माझ्या आशेवर तिला कवर बांधून ठेवू? पण पेटवायला तू पायजे. बा असता तं त्यानं केलं असतं."
मी बोललो, बरं.
बरं का बोललो.

२५ ऑगस्ट
त्याला सगळं कळवायचं बारा अक्षरांत. तीन दिवस लागतील असं. आज लिवलं: तुझा पुतळा.

२६ ऑगस्ट
त्यानं बदललं: कधी.
मी: अमावास्या. आणि दुपारी परत बदललं: वहिनीचा पाट.

२७ ऑगस्ट
आज गणपती बसले असतील घराघरात. इथं कुठल्यातरी गावात लाऊडस्पीकर चालू, भाषा कळत नाय, चाल कळते.
होडीचं नाव: जाऊ दे तिला.

२८ ऑगस्ट
घरी ये, लिवलं.
संध्याकाळी: पोर हाय इथं.
म्हंजे त्याला तिकडं पोर हाय. म्हंजे बाईपण हाय. म्हंजे पूर नाय, नदी नाय. मोटरसायकल त्यानं सोताच उभी केली पुलावर. स्टँड लावलेला होता, ते मला तेव्हाच दिसलं होतं. पुरात पडणारा माणूस स्टँड लावतो का? कोणाला बोललो नाय. मलाच ते बघायचं नव्हतं.

३० ऑगस्ट, शनिवार
पाऊस, गाडी रुतली, काम बंद. सेल्वमबरोबर गेम पहिल्यापासून खेळलो, माझ्या नवीन आयडीवर. चार तास.
गोष्ट अशी हाय. पुरात एक गाव फुटतं. अर्धी माणसं काठावर राहतात, अर्धी एका तरंगत्या बेटावर वाहून जातात. काठावरची रोज संध्याकाळी कंदील लावून बसतात. होडीवाल्याला दोर देऊन पाठवतात, जा, बेटाला बांध, ओढून आण. तो पोचतो तं बेटावर घरं झालेली, पोरं झालेली. कोणाला परत यायचं नाय. शेवटी पडद्यावर दोनच बटणं. ओढ. काप.
तेव्हा मी बोलायचो ओढ, दादा बोलायचा काप. मी बोललो, अरे काठावर म्हातारी माणसं बसल्यात. तो बोलला, "ती बसल्यात म्हणून हे मेले का? ते जगतात ना रे तिकडं." वहिनी भाकरी टाकत होती, ती बोलली, "दोघं खरा दोर आणा आधी, म्हैस सुटली." हसलो आमी. मंग खरोखर भांडलो, मोबाईल बंद करून झोपलो. महिन्यानं तो गेला.
आज पहिल्यांदा ओढून बघितलं. बेट ओढताना मधे चिरतं. थोडी माणसं पाण्यात जातात. बाकीची काठाला लागतात, उतरतात, आणि होडीवाल्याकडं बघतपण नाय कोण. म्हाताऱ्या पोरांना कुरवाळतात, पोरं बेटाकडं बघून रडतात. संपला.
मंग कापून बघितलं. बेट जातं धुक्यात. काठावर एकेक कंदील विझतो. शेवटचा विझायला लय वेळ लावतो. संपला.
मी बोललो, यात चांगला शेवट कुठला?
सेल्वम बोलला, "बनानेवाले ने रखा ही नहीं."
"तू क्या करता?"
"मैं रस्सी लेके जाता ही नहीं. बोलता, मोटर खराब है."
त्याला गंमत वाटली. मलापण आली थोडी. मंग कळलं, मी दोर घेऊन कधीच निघालोय.

३ सप्टेंबर
आई? एवढंच लिवलं. नुसतं आई आणि प्रश्नचिन्ह.
उत्तर: रडेल थांबेल.
मोबाईल फेकणार होतो बोअरच्या केसिंग पाइपात.

४ सप्टेंबर
तीन वर्षं ती थांबली नाय रे. पावसात पुलावर जाऊन बसते. डोळखांबच्या बाजारात पाठीकडनं कोण तुझ्यासारखा दिसला तं मागं चालत जाते. एकदा एका परक्या पोराच्या खांद्याला हात लावला, तो दचकला, मंग त्यानंच तिला पाणी पाजलं. हे बारा अक्षरांत कसं लिवू.

५ सप्टेंबर
लिवलं: मी सांगणार.

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून पितरांचा पंधरवडा.
होडीचं नाव: मला जाळ.

८ सप्टेंबर
आयडी चालत नाय. पासवर्ड चुकीचा दाखवतो. तीसेक वेळा टाकला. मंग आयडीच नाय असं दाखवायला लागला.
गेला. ह्या टायमाला खरा गेला.
आता मी कोणाला दाखवू काय? स्क्रीनचा फोटोपण काढला नाय. कोण भाऊ जिवंत निघाल्यावर फोटो काढतो? कोणाला बोललो तं बोलतील, बुध्याच्या डोक्यावर कर्नाटकचं ऊन चढलं, भाऊ गेममधे दिसतो त्याला.

१२ सप्टेंबर
कामात लक्ष नाय. सेल्वमनं रॉडला हात लावू दिला नाय, पाण्याच्या पाइपवर उभा केला.
हिशोब असा करतो. गप राहिलो तं वहिनी सुटते, दादा सुटतो, त्याचं तिकडचं पोर सुटतं. आई जिवंत लेकाची राख नदीत सोडते. बोललो तं आईला लेक मिळतो, पण कुठं मिळतो? गाव नाय, नंबर नाय. परत पुलावर बसायचं. वहिनी परत बांधली. दादा तरी येणार नाय.
मंग गप राहणंच बरं. असं सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, तिला एकदा कळू तं दे की तो जेवतो, झोपतो, त्याला पोर झालंय. ती आजी झालीय. हे तिच्यापासनं लपवायला मी कोण?
संध्याकाळी परत सकाळचं.

१५ सप्टेंबर
सेल्वम बोलला, "जा. पर एक बात बोलूँ? तू सच बोलने नहीं जा रहा. तू चाहता है कोई और बोले क्या करना है."
मी रागानं बॅग भरली. बॅगेची चेन तुटली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
चित्रदुर्ग, पुणे, कल्याण, मंग शहापूर. शहापूरहून डोळखांबची एसटी. दीड दिवस. भाताला कणसं धरल्यात.
काका पाड्याच्या तोंडाशीच भेटला. "आला का मद्राशी! काय रे, भुईतलं पाणी शोधता शोधता सोताच सुकला?"
आई आतनं आली. माझ्या तोंडावरनं हात फिरवला, बोलली, "दाढी काढ. सोमावाणी दिसतो."
जेवताना तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तिनं भाकर वाढली.

१९ सप्टेंबर
वहिनीला सांगितलं. वाटलं, पहिला हक्क तिचा.
नाचणीच्या बांधावर गवत कापत होती. मी बोललो, "वहिनी, दादा हाय."
"कुठं?" बोलली, जसं काय कोण अंगणात आलाय.
"ते माहीत नाय. पण जिवंत हाय."
विळा थांबला नाय. पेंडी पुरी केली, बांधली, मंग बसली. मी सगळं सांगितलं. टाकी, पोर, सगळं. मला वाटलेलं ती गेमचं ऐकून हसेल. नाय हसली. बोलली, "स्टँड लावलेला होता गाडीला."
तिलापण दिसलं होतं. तीन वर्षं आमा दोघांना माहीत होतं आणि दोघं गप.
"माझं काय बोलला?"
मी गवत उपटत बसलो.
"सांग ना रे."
"जाऊ दे तिला, बोलला."
"तीन वर्षांनी तीन शब्द. बरं हाय." मंग बोलली, "मंग रविवारी मी कुंकू कोणाचं पुसू? शेणव्याला काय सांगू, पयला नवरा होडीत हाय?"
"तू बोल, मी काय करू?"
"मला नको विचारू. मी गप राहा बोलले तं माझ्या पाटासाठी बोलले असं होईल. सांग बोलले तं माझ्याच गळ्यात दावं. दोन्हीत मीच का रे?" डोळे पुसले नाय, वाहू दिले. उठताना बोलली, "एक कर. पेटवू नको तू. काकाला माहीत नाय, तो पेटवू दे. माहीत असून पेटवलं तं ते जाळणं नाय, मारणं हाय."

२० सप्टेंबर, शनिवार
सकाळी काकाबरोबर पळसाची पानं आणायला गेलो. रानात तो जास्त बोलतो, घरात नाय.
"काका, उद्या तूच पेटव ना."
"मी? पाठचा भाऊ असताना? लोकं बोलतील, तो का पळाला."
"माझं मन नाय."
"कोणाचं असतं रे? तुझ्या बाला मी पेटवला तं माझं होतं का?" पानांचा भारा माझ्या डोक्यावर ठेवला. मंग बोलला, "आणि ऐक. पुतळा अंगणातनं उचलायच्या आधी मी इचारणार. आपल्या पाड्याची रीत हाय, माणूस नसलेल्या मड्याला इचारून जाळायचं. कोणाला ह्याचा माग हाय का? तीनदा. कोण नाय बोललं का पेटवायचं."
"आणि कोण बोललं तं?"
"तं पुतळा वढ्यात सोडायचा. घरच्यांनी वाट बघायची. बायकोनंपण." थांबला. "माझ्या उमरीत कोण बोललं नाय अजून."
म्हंजे काडी कोण लावतो त्यानं काय होत नाय, वहिनी. गप बसलेल्यानंच पेटवलेला असतो तो.
दुपारी अंगणात पुतळा बांधला. मी पाय बांधले. पेंढा जास्त झाला, काका बोलला, "बारीक कर, सोमा एवढा जाडा कुठं होता?" बाया हसल्या. आई पण हसली. मंग ती आत गेली ती चूल पेटेपर्यंत बाहेर नाय आली.

२१ सप्टेंबर, अमावास्या
सकाळ. अंगणात वीसेक माणसं. ऊन वर आल्यावर निघायचं. मी घरात, पेटीजवळ बसून लिवतोय.
आंघोळ झाली. वहिनी नवीन बांगड्या घालून बसलीय, आज फोडायच्या म्हणून. माझ्याकडं एकदा पण बघितलं नाय.
थोड्या वेळापूर्वी आई बाहेर आली. पुतळ्याला कपडे चढवून झाले होते. चौकड्याचा निळा शर्ट, काकानंच काढलेला. आई बघत राहिली. मला वाटलं आता पडेल. ती बोलली, "हा कोणी घातला?"
"त्याचाच हाय ना गो," काका बोलला.
"त्याचाच हाय म्हणून तं. नवा हाय. दोनदा घातलाय. काढ."
"अगो, आता बांधून झालंय..."
"जुना घाल. तो कोपराला फाटलेला."
कोण हललं नाय, तं तिनं सोताच दोर सोडले. बाहीतनं पेंढा उपसला, एकेक काडी. खिसा उलटा करून झटकला. बटणं लावली, घडी घातली, जशी दुकानात असते तशी. एक म्हातारी हळू बोलली, त्याच्यासंगं चांगलं घालून पाठवायचं असतं बाये.
आई बोलली, "आणि आला तं काय घालील?"
काका जमिनीकडं बघत होता. वहिनी उठून आत पाण्याला गेली.
शर्ट माझ्या हातात देऊन बोलली, पेटीत ठेव, खाली नको, वरच ठेव.
पेटी उघडी हाय. शर्ट मांडीवर. कॉलरमधे एक काडी राहिलीय पेंढ्याची, ती काढतोय.
बाहेर काका इचारायला पुतळ्यापुढं उभा राहिला, घसा खाकरला. सगळी गप झाली.